पाण्याखालच्या विहिरीची ओटी

माझं लग्न ठरलं तेव्हा येवल्यातल्या आमच्या आळीत माझा फार हेवा झाला. मुलगा रेल्वेत आहे याचं कौतुक होतंच, पण तो धरणावर राहतो याचं त्याहून जास्त. आमच्या आळीत उन्हाळ्यात आडावर बायकांची रोज भांडणं व्हायची, एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच काय त्या बाकी राहायच्या. "तुझी पोरगी पाण्यावर राहायला चालली, नशीब काढलंन बाई," असं शेजारणी म्हणायच्या आणि आई तोऱ्यात मान हलवायची.

मी धरणावर पोचले ती वैशाखात. मनमाडपासून काही मैलांवर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी काळ्या दगडाची लांबच लांब भिंत होती. पदर सावरत मी मोठ्या हौसेने वर चढले आणि पलीकडे पाहिलं, तर नुसता भेगाळलेला गाळ आणि एका कडेला, पंपाच्या पायऱ्यांखाली, एक डबकं. डबक्यात नळाचं तोंड बुडालेलं आणि काठावर दोन बगळे. मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "पावसाळ्यात भरतं." पुढे दोन पावसाळे गेले, धरण काही भरलं नाही. माहेरी गेले की मात्र मी पाण्याच्या अशा काही बाता मारायची, की ऐकणारीला वाटावं हिच्या दारात समुद्र आहे. ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या चार-पाच वर्षांतली. आता नाशकात नळाखाली बादली लावून बसले की ते दिवस आठवतात.

धरण रेल्वेचं. आमचे हे तिथे पंपावर खलाशी होते, म्हणजे पंप चालवायचं आणि दुरुस्त ठेवायचं काम. पंपघरात एक बारका बॉयलर होता, त्याच्या वाफेवर पंप चालायचा आणि धरणाचं पाणी नळातून मनमाडच्या टाकीत जायचं. भट्टीत कोळसा घालायला एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळेच चाचा म्हणत, मीही म्हणे. पंपघराला लागून दोन खोल्या होत्या, एक आमची, एक चाचांची. त्यापुढे माणूस बघायचं तर अर्धा कोस चालून गावात जायचं.

धरणाचा इतिहास मला चाचांनीच सांगितला. धरण बांधलं तेव्हा ते तरुण होते, मालेगावाकडून दगड वाहायला आले आणि इथलेच झाले. मी एकदा त्यांना विचारलं, जंक्शनसारख्या ठिकाणी विहिरी नव्हत्या का, एवढा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "विहिरी हुत्या ना बेटी, पण पानी मचूळ. माणसाला चालतं, इंजनला नाही चालत. त्याच्या पोटात खडा धरतो." माझ्या चुलीवरच्या हंड्याला आतून पांढरं किटण बसायचं, ते दाखवून म्हणाले, "हे बघ, हे असंच." म्हणून डोंगरातून येणारा गोड पाण्याचा ओढा अडवला. त्या ओढ्याच्या काठाला गावाचे चार मळे होते, सगळ्या शिवारात तेवढाच काय तो हिरवा पट्टा. ते पाण्याखाली गेले. इंजिनाची तहान भागली आणि गाव कोरडं पडलं, हे चाचा काही बोलले नाहीत, पण मला ते रोज दिसत होतं.

गावाला आधार होता तो एका हौदाचा. भिंतीच्या पायथ्याशी दगडी हौद होता, धरणातून त्यात बोटभर धारेने पाणी पडायचं. भोवती गजांचं कुंपण आणि एक लोखंडी फाटक. गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून बाया प्यायचं पाणी बारमाही इथूनच न्यायच्या, आणि उन्हाळ्यात ती विहीर आटली की सगळ्याच या हौदावर यायच्या. हा हौद नसता तर पुढचं पाणी दोन कोसांवर, तेही डोंगर उतरून. रेल्वेने मेहेरबानी म्हणून दिलेलं पाणी आहे, असं गावातले लोक म्हणायचे. रेल्वेवालेही तसंच म्हणायचे.

बायांशी बोलायला मिळावं म्हणून मी माझं पाणी पंपघरात असूनही कळशी घेऊन हौदावर जायची. पण मला त्यांनी आपल्यात घेतलं नाही. "रेल्वेवाली आली," असं हळूच म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने हात लावावा लागतो. म्हणून हौदावर सारखी हाकाहाक चालायची, "ए, हात लाव गं!" मी शेजारी रिकाम्या हातांनी उभी असायची, पण हाक मला कधी आली नाही. एकदा एका पोटुशी बाईला मी आपणहून हात लावायला गेले, तर ती म्हणाली, "राहू द्या, तुमी सायबाची माणसं." मला ते फार लागलं. घरी येऊन मी उगाचच यांच्यावर चिडले आणि भाकरी करपवली.

हौदावर न येणारी गावात एकच बाई होती. एक म्हातारी, विधवा, तिला आजी म्हणायचे. बुडालेल्या चार मळ्यांपैकी एक तिचा. धरण झाल्यापासून तिने रेल्वेच्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. भर उन्हाळ्यात सुद्धा ती दोन कोस चालून डोंगराखालचं पाणी आणायची. गावातल्या बाया तिला हसायच्या आणि जरा टरकायच्याही. गंमत अशी की पाण्याशी एवढं वैर असून ती रोज शेळी घेऊन धरणाच्या काठावरच यायची आणि पाण्याकडे तोंड करून बसायची. मी दिसले की तोंड फिरवायची. मी मनात म्हणायची, बस, बस, मलाही तोंड आहे फिरवायला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात नवे इन्स्पेक्टर साहेब आले. साहेब आपल्याकडचेच, शहरातले, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. रुळावर ट्रॉली थांबवून ते धरणाकडे चालत आले, तेव्हा नेमक्या हौदात दोन पोरी गोधड्या बुचकळत होत्या. साहेबांनी काही आरडाओरडा केला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी एक मोठं पितळी कुलूप आणलं, पंपघरातल्या खिळ्याला टांगलं आणि यांना म्हणाले, "हे पाणी मेहेरबानीचं आहे. धरणात किंवा हौदात पुन्हा काही टाकलेलं आढळलं, तर हे कुलूप फाटकाला लागेल. मग माझ्याकडे कोणी रडत यायचं नाही." त्या खिळ्याला आधीपासून एक काचेची चौकट टांगलेली होती, धुराने काळी झालेली. कुलूप तिच्यावरच लोंबत राहिलं. मी रोज यांचा डबा द्यायला जायची तेव्हा ते कुलूप मला दिसायचं. बाया मला आपलं मानत नव्हत्या हे खरं, पण त्या पोटुशीने दोन कोसांवरून हंडा आणायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं.

तिसऱ्या वर्षी हस्त बरसला. असा बरसला की डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी खाली आलं, आणि ऐन नवरात्रात धरण काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहू लागलं. मी तर वेडीच झाले. दिवसातून दहा वेळा भिंतीवर जाऊन बघून यायची. हे हसायचे, म्हणायचे, "पळून नाही जात ते."

अष्टमीला सकाळी हे वंगणाचं तेल आणायला मनमाडला गेले. मी दारात तांदूळ निवडत होते, तर समोर आजी उभी. दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेली बाई. काखेत एक बोचकं.

"तू सवाष्ण हायेस ना?" तिने विचारलं.

प्रश्नच असा की मी कुंकवाला हात लावून बघितला. म्हटलं, "हो."

"मग माझं एक काम कर. विहिरीची ओटी भरायची हाय."

"कुठल्या विहिरीची?"

तिने पाण्याकडे बोट केलं. "माझ्या."

मग ती खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. लग्न होऊन ती आली तेव्हा मळ्यात नुकतंच विहिरीला पाणी लागलं होतं. त्या विहिरीची पहिली ओटी तिने भरली, नवी नवरी म्हणून. पुढे दर नवरात्रात भरायची. मग धरण आलं. पुरुष माणसं कचेरीत गेली, कागदावर अंगठे उठवून आली, घरात काही बोलली नाहीत. विहीर पाण्याखाली गेली. मालकही गेले. रांडाव बाईने ओटी भरायची नाही, आणि भरायची तर कुणाची? रेल्वेच्या पाण्याची?

"पण औंदा धरान भरलं आन रातभर मला झोप नाय," ती म्हणाली. "मनात आलं, ती खाली उपाशी बसली आसंल. इतकी वर्सं मी रेल्वेवर रुसले, तिनं काय केलं हुतं?"

"मग गावातली एखादी सवाष्ण..."

"गावातल्या हसतील. म्हनतील, पानी पीत नाय आन ओटी भरती. तू परकी हायेस, तू नाय हसनार."

परकी म्हणाली ते टोचलं, पण एवढ्या मोठ्या गावातून ती माझ्याकडे आली होती. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. कुलपाची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि मी ती बाजूला सारली.

बोचक्यात हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं, घडीवर पिवळं पडलेलं. पहिल्या ओटीला ती तेच नेसली होती. मी पदराच्या टोकाला तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि दोन बांगड्या बांधल्या. विहीर गाळाने केव्हाच बुजली होती, पण ती नेमकी कुठे, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या डोंगराचं टोक आणि आमच्या पंपघराचं धुराडं एका रेषेत आलं की त्या रेषेत, काठापासून वीस पावलांवर. म्हणजे पंपघराच्या पायऱ्यांवरूनच ओटी सोडायला हवी. इथे माझी अक्कल चालली. मला वाटलं, लुगडं तरंगत सांडव्याकडे गेलं तर कुणाच्या नजरेला पडायचं. म्हणून मी घडीत एक चांगला दगड घातला आणि दोरीने बांधून टाकलं. चाचा भट्टीपाशी उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून कोळसा ओढायला लागले. म्हणाले, "मैंने कुछ देखा नहीं."

हळदकुंकू वाहून मी लुगडं पाण्यात सोडलं. ते गपकन खाली गेलं. आजी पायऱ्यांपासून लांब उभी होती, तिने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज बदलला. रोज एका लयीत चालणारा पंप कण्हायला लागला, मग नुसताच फुरफुरू लागला. चाचा म्हणाले, "खींच नहीं रहा." यांनी पंप खोलला, झडप बघितली, पुन्हा लावला, तरी तेच. म्हणजे पाण्यातल्या नळाच्या तोंडाला जी जाळी असते, तिथेच काहीतरी अडकलं होतं. मी चुलीपाशी बसून हे ऐकत होते. दगड घालून मी ती ओटी नळाच्या तोंडाशी नेऊन ठेवली होती. नाहीतर ती वाहून गेली असती बिचारी.

यांना सांगावं की नाही, हा विचार करण्यात दुपार झाली. तोवर मनमाडची टाकी तळाला गेली होती. यांनी कमरेला दोर बांधला, दोराचं टोक चाचांकडे दिलं आणि पाण्यात उडी घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. वर येऊन नुसते धापा टाकायचे आणि पुन्हा खाली. पाचव्या खेपेला वर आले तेव्हा हातात हिरवं लुगडं होतं, मधोमध फाटलेलं. पंपाने लगेच पाणी ओढलं. पायऱ्यांवर उभे राहून यांनी निथळतच वर पाहिलं, आणि त्याच वेळी भिंतीवरून साहेब खाली येताना दिसले.

साहेब पायऱ्यांपाशी आले. यांच्या हातातल्या लुगड्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

यांना खरंच ठाऊक नव्हतं. खाली हौदावर पाच-सहा बाया होत्या, त्यांचे हात थांबले. मला एकच दिसत होतं, ते खिळ्यावरचं कुलूप. मी पुढे झाले आणि म्हणाले, "माझं आहे साहेब. धुऊन वाळत घातलं होतं, वाऱ्याने उडालं."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत गेले. माझ्या लुगड्यांची संख्या यांना पाठ होती, चारच होती. साहेबांनी लुगडं हातात घेतलं, पदर चाचपला आणि गाठ सोडली. भिजून फुगलेले तांदूळ त्यांच्या तळहातावर पडले, मग सुपारी, हळकुंड, दोन हिरव्या बांगड्या.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे लुगडं वाळत घालताना पदराला हळकुंड बांधतात का?"

मला तेव्हा रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. एवढी गाठ मारायची काय गरज होती मला! आता यांच्या नोकरीवरही पाणी आणि फाटकाला कुलूपही. मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "तिचं नाय ते. माझं हाय."

आजी शेळीची दोरी हातात धरून उभी होती. इतक्या वर्षांत ती कुठल्या रेल्वेच्या माणसाशी बोलली नव्हती. खरं सांगते, मला तिचाही राग आला. मी एवढं खोटं बोलले ते कुणासाठी?

"गावातल्या कुनाचा यात हात नाय," आजी म्हणाली. "ही नुसती सवाष्ण म्हनून आली. लुगडं माझं, इच्छा माझी. माझ्या विहिरीची ओटी भरली मी."

"कुठली विहीर? इथे विहीर नाही."

"हाय. तुमचं धरान व्हायच्या आधीची हाय." तिने डोंगराचं टोक दाखवलं, धुराडं दाखवलं, मग पाण्यातली जागा. "वीस पावलं. खाली उतरून बघा."

साहेबांनी पाण्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "आजी, तुमच्या ओटीने आज सगळी इंजिनं खोळंबली असती. मी गेल्या वर्षीच बजावलं होतं. माझा नाइलाज आहे." आणि ते पंपघरात गेले. कुलूप आणायला.

हौदावरून एक बाई रडायला लागल्याचा आवाज आला. तीच पोटुशी होती, आता तिच्या कडेवर मूल होतं.

साहेबांनी खिळ्यावरचं कुलूप ओढलं. ते चौकटीच्या दोरीत अडकलं होतं, त्यामुळे कुलुपाबरोबर चौकटही खाली आली. पडता पडता त्यांनी ती धरली. काचेवरची काजळी त्यांच्या हाताला लागली म्हणून त्यांनी रुमालाने ती पुसली, आणि पुसता पुसता थांबले. आतमध्ये निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा होत्या. एवढी वर्षं ती चौकट तिथे होती, पण आमच्यात इंग्रजी वाचणारं कोण? यांची छत्री आणि चाचांचा सदरा टांगायला, एवढाच काय तो तिचा उपयोग.

साहेब चौकट घेऊन उजेडात आले. त्यांनी धुराडं बघितलं, डोंगराचं टोक बघितलं, मग कागद आडवा धरला. मग रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"हा धरणाचा मूळ नकाशा आहे," ते शेवटी म्हणाले. "इथे विहीर दाखवली आहे. पंपापासून जवळच." आणि बोट खाली सरकवत म्हणाले, "आणि हौदापाशी लिहिलं आहे, की या विहिरीच्या बदल्यात गावाला हा हौद बांधून द्यायचा, आणि त्यात बाराही महिने पाणी सोडायचं."

"म्हंजी?" आजीने विचारलं.

साहेबांनी टोपी काढली. मोजकं बोलणारा माणूस, शब्द शोधत होता. "म्हणजे आजी, हा हौद मेहेरबानीचा नाही. ही तुमची विहीर आहे. फक्त जागा बदलली."

शेळी तेवढी ओरडली. पुरुषांनी कचेरीत अंगठे उठवले तेव्हा त्यांनी हे मागून घेतलं होतं, आणि घरी येऊन बायकांना सांगायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. की सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, देव जाणे. ती माणसंही आता राहिली नव्हती. आजी दगडावर मटकन बसली. पदराने तिने तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलू लागले. मी जाऊन तिच्याजवळ बसले. मला इतकं हलकं वाटत होतं की मीही रडत होते हे चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कळलं.

साहेबांनी चौकट स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला लावली आणि कुलूप आपल्या कोटाच्या खिशात टाकलं. फार जड असावं, चालताना कोट एका बाजूला ओढला जात होता. जाताना ते यांना म्हणाले, "वहीत लिहून ठेवा. जाळीत कापड अडकलं होतं, काढलं. पुराच्या पाण्यात काय काय वाहून येतं." मग माझ्याकडे वळले. "आणि बाई, पुढच्या वर्षी ओटी सांडव्यावरून सोडा. आणि दगड घालू नका."

साहेब भिंतीवर दिसेनासे झाले तसे हे पायऱ्यांवर बसले. ओल्या कपड्यांनिशी, गुडघ्यांत डोकं घालून. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. तर यांचं अंग गदगदत होतं, आणि जवळ जाऊन बघते तर हे हसत होते. "वाऱ्याने उडालं," यांनी म्हटलं आणि पुन्हा हसायला लागले. चाचाही हसले. मी मोठ्या रागाने घरात गेले आणि दार लावून मनसोक्त हसले. पुढे आयुष्यभर मी काही थाप मारली की हे शांतपणे विचारायचे, "वाऱ्याने उडालं का?"

लुगड्याचे दोन तुकडे मी गोड पाण्यात खळबळून वाळवले आणि संध्याकाळी आजीला नेऊन दिले. ओटीत दिलेलं परत घ्यावं की नाही, असा तिला प्रश्न पडला होता. मी म्हटलं, "विहिरीनेच परत दिलंय, मी नाही." तुकडे तिने ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मी सकाळी हौदावर गेले तेव्हा बाया नेहमीसारख्या गप्प झाल्या. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गावाच्या वाटेकडे बघत होत्या. आजी येत होती. काखेत हंडा, डोक्यावर चुंबळ. चुंबळ हिरव्या कापडाची होती, लाल काठ बाहेर दिसत होता.

बाया बाजूला सरल्या. आजीने फाटक ढकललं, आत आली, हंडा धारेखाली लावला. तो भरेपर्यंत ती धारेकडे नुसती बघत राहिली. मग तिने ओंजळ पुढे केली आणि पाणी प्याली. एक ओंजळ, मग दुसरी, मग तिसरी. तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "तेच हाय. तेच पानी हाय."

हंडा भरून वाहू लागला. दोन-तीन बाया हात लावायला पुढे झाल्या. आजीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने मान वळवली, मी कुंपणाला टेकून उभी होते तिथे बघितलं, आणि म्हणाली, "रेल्वेवाली, अशी काय लांब उभी ऱ्हातीस? ये, हात लाव गं."

मी धावत गेले. हंडा दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर दिला, चुंबळीवर नीट बसला की नाही ते बघितलं. थोडं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, ते मी पुसलं नाही.